ताई, मेक्सिकन म्हणजे नक्की कोण?

मागच्या अंकात लॉस एंजेलिसमधल्या, कागद नसलेल्या स्थलांतरितांना पकडायच्या धाडींबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं, आणि त्यावर जेवढे मेल आले तेवढे वर्षभरात कशावर आले नसतील. निम्मे चिडलेले, काही टोमणे, पण बरेचसे खरंच काहीतरी विचारणारे. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीय आणि का केलीय ते शेवटच्या पत्रापर्यंत कळेलच.

प्रश्न: ताई, टीव्हीवर बघितलं, मोर्च्यात पोरं मेक्सिकोचा झेंडा फडकवत होती. जन्म अमेरिकेतला, शाळा अमेरिकेतली, पासपोर्ट अमेरिकेचा आणि झेंडा भलत्याच देशाचा? मग लोक भडकणारच ना?

भडकतात, आणि ते त्या पोरांनाही माहितीये. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १८७ आलं होतं, म्हणजे कागद नसलेल्यांना, देशात राहायची कायदेशीर परवानगी नसलेल्यांना, सरकारी शाळा आणि दवाखाने बंद करा असं मतदारांनाच विचारलं होतं, तेव्हाही लॉस एंजेलिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, मेक्सिकोचे झेंडेच झेंडे, आणि नंतर किती वर्षं आपसात भांडण चाललं की झेंड्यांनी मतं घालवली का म्हणून. (प्रपोझिशन पास झालं, पुढे कोर्टाने त्याचा मुख्य भाग मोडीत काढला.) २००६ च्या इमिग्रेशन मोर्च्यांत तर आयोजकच सांगत होते, बाबांनो अमेरिकेचा झेंडा आणा. तेव्हा हा वाद त्यांच्या घरातलाच आहे, आपण बाहेरून शोधून काढलेला नाही.

पण एकदा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, न्यू मेक्सिको, ॲरिझोनाचा बहुतेक भाग, हे सगळं १८४८ पर्यंत मेक्सिको होतं, टेक्सस त्याआधीच फुटून निघालेलं. फेब्रुवारी १८४८ मध्ये ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला, युद्ध हरलेल्या मेक्सिकोने जवळपास निम्मा देश दिला आणि अमेरिकेने त्यापोटी दीड कोटी डॉलर मोजले. तिथे राहणाऱ्या माणसांना एक वर्षाची मुदत, मेक्सिकोचेच राहायचं असेल तर तसं सांगा, गप्प बसलात तर अमेरिकन धरू. बहुतेक गप्प बसले. जमीन नांगरायची का झेंडा बघत बसायचं? आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं, ही त्यांच्यातली घोषणा तिथली आहे.

आता आज मोर्च्यात दिसणाऱ्या बहुतेक पोरांचे आई-बाप किंवा आजी-आजोबा त्यानंतर कधीतरी आलेले आहेत, तहाच्या वेळचे नाहीत, हेही खरं. अमेरिकेत मेक्सिकन मूळ सांगणारे पावणेचार कोटींच्या आसपास आहेत आणि त्यातले साधारण सत्तर टक्के तिथेच जन्मलेले. त्यांचा पासपोर्ट कुणी बघत नाही हो, तोंड बघतात. ज्या शब्दाने हिणवलं जातं तोच शब्द माणूस एक दिवस हट्टाने छातीला लावतो. मला स्वतःला विचाराल तर कॅमेऱ्यासमोर तो झेंडा डावपेच म्हणून महागच पडतो, पण तो गद्दारीचा पुरावा आहे असं मला वाटत नाही.

प्रश्न: आम्ही एच-वन-बी वर आलो, टॅक्स भरतो, बारा वर्षं ग्रीन कार्डची वाट बघतोय. हे लोक कुंपण ओलांडून येतात आणि मग हक्क मागतात. रांगेत उभं राहायला काय होतं? तुम्हाला आमची बाजू दिसत नाही का?

दिसते हो. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली तारीख, काय चीज असते ते माझ्या घरात मी बघितलंय, दर महिन्याला रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, व्हिसा बुलेटिन, उघडायचं आणि तारीख आठवडाभर सरकलेली बघून गप चहा प्यायचा. पण तुमच्यासाठी रांग आहे. लांब आहे, डोकं फिरवणारी आहे, पण आहे. स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसासाठी ती जवळपास नाहीच. अकुशल कामगारांच्या ग्रीन कार्डांना वर्षाला जास्तीत जास्त दहा हजारांचा कोटा, तोही अख्ख्या जगाला मिळून, आणि त्यात बायको-पोरंही मोजतात. शेतीसाठी एच-टू-ए व्हिसा आहे, त्यावर लाखोंनी लोक येतात, बहुतेक मेक्सिकनच, पण तो हंगामी आणि मालकाच्या दावणीला बांधलेला, त्यातून पुढे ग्रीन कार्डाकडे वाट जात नाही. भाऊ-बहीण सिटिझन असेल तर अर्ज टाकता येतो, मेक्सिकोसाठी ती वाट वीस वर्षांहून जास्त आहे. पंचविशीत अर्ज केला तर पन्नाशीकडे झुकल्यावर बोलावणं, तोवर स्ट्रॉबेरी कोण खुडणार?

आणि ही रांग लावली कधी तेही बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. १९२४ चा जो कडक इमिग्रेशन कायदा आला त्याने युरोपला कोटे लावले आणि आशियाचं दार तर बंदच केलं, पण मेक्सिकोला आकड्याची मर्यादा लावली नाही. फी होती, वाचता येतं का बघायचे, पण आकडा नव्हता, कारण शेतमालकांना माणसं हवी होती. मग १९२९ ची मंदी आली. गरज सरो वैद्य मरो. गावोगावच्या सरकारी कचेऱ्यांनी आणि धाडींनी मिळून लाखो लोकांना आगगाड्यांत बसवून मेक्सिकोला पाठवलं, त्यात अमेरिकेतच जन्मलेली, अमेरिकेचीच नागरिक असलेली पोरं ढिगाने होती, काहींना तर स्पॅनिश वाचताही येत नव्हतं. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल माफी मागितली ती २००५ मध्ये कायदा करून.

बरं, दहा-बारा वर्षं जात नाहीत तोवर दुसरं महायुद्ध, माणसं कमी पडली, आणि १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून मजूर मागवले. ब्रासेरो प्रोग्रॅम. ब्रासो म्हणजे हात, म्हणजे नावातच सांगून टाकलं की आम्हाला हात हवेत, बाकीचा माणूस नको. १९६४ पर्यंत ४६ लाखांच्या आसपास करार झाले. सीमेवरच्या केंद्रात माणसांना कपडे उतरवून रांगेत उभं करून अंगावर डीडीटी फवारायचे. शेतात आखूड दांड्याचं खुरपं द्यायचे, एल कोर्तितो म्हणायचे त्याला, म्हणजे 'छोटू', दांडा जेमतेम हाताएवढा. लांब दांड्याने तेच काम होत होतं हो! पण आखूड दांडा असला की माणसाला दिवसभर कमरेत वाकूनच राहावं लागतं, आणि कुणी पाठ सरळ केली तर मुकादमाला शेताच्या पार त्या टोकावरून दिसतं. ते खुरपं कॅलिफोर्नियात बंद व्हायला १९७५ उजाडलं. आणि याच ब्रासेरोच्या काळात, १९५४ मध्ये, बिनकागदांच्या मजुरांना हाकलायची एक मोठी मोहीम निघाली जिचं अधिकृत सरकारी नावच मेक्सिकन माणसाला दिलेली शिवी होती. पुढच्या दाराने आणायचे, मागच्या दाराने हाकलायचे, दोन्ही एकाच वेळी चालू.

१९६४ ला करार संपला, आणि १९६५ च्या नव्या कायद्याने, जो आपल्या भारतीयांसाठी वरदान ठरला, त्यानेच अमेरिका खंडातल्या देशांना पहिल्यांदा आकड्याची मर्यादा घातली. १९६८ पासून सगळ्यांना मिळून १ लाख २० हजार, आणि १९७६ मध्ये प्रत्येक देशाला वीस हजार. म्हणजे शेत तेच, मुकादम तोच, हंगामाला येणारा माणूसही तोच, फक्त आता तो 'इल्लीगल'. ज्या कायद्याने आपल्याला दार उघडलं त्यानेच त्यांच्या दाराला कडी घातली, हे आपल्या गेट-टुगेदरमध्ये कुणी बोलत नाही.

एक वाट १९८६ मध्ये रेगनच्या काळात निघाली होती, सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. त्यानंतर तशी वाट निघालेली नाही, उलट १९९६ च्या कायद्याने असा पेच टाकला की वर्षभराहून जास्त बिनकागद राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की दहा वर्षं परत यायला बंदी. म्हणजे कुंपण ओलांडून आलेल्या माणसाचं पुढे सिटिझन बाईशी लग्न झालं, कागद नीट करायचे ठरवले, तर त्यासाठी मायदेशी जावं लागणार आणि गेला की दहा वर्षं तिकडेच. माफीचा अर्ज असतो, मिळेलच असं नाही. म्हणून लोक जात नाहीत. पूर्वी हंगाम संपला की घरी जाणारा माणूस अमेरिकेतच रुतून बसला, तो कुंपण चढायच्या हौसेने नव्हे.

तुमच्या रागाला जागा आहे, पण पत्ता चुकलाय एवढंच म्हणेन. आणि व्हिसा संपल्यावर राहून गेलेला आपला चुलतभाऊ असला की आपण 'बिचारा अडकलाय' म्हणतो, तो हिशेबही एकदा करा. आपला तो बाब्या.

प्रश्न: नागरी हक्कांची चळवळ म्हटलं की मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. मेक्सिकन लोकांचा त्यात काही भाग होता का? मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे.

होता, आणि मुलाला सिल्विया मेंडेझवर प्रोजेक्ट करू द्या, टीचरलाही नवीन काहीतरी कळेल.

कॅलिफोर्नियातलं वेस्टमिन्स्टर, १९४० चं दशक. आत्याबाई स्वतःची मुलं आणि भावाची मुलं अशी सगळी पलटण घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. आत्याची मुलं गोरटेली आणि आडनाव फ्रेंच वाटावं असं, ती घेतली. भावाची मुलं सावळी, आडनाव मेंडेझ, त्यांना सांगितलं की तुमची शाळा वेगळी, मेक्सिकन मुलांची. एकाच घरातली, एकाच दिवशी, एकाच टेबलापाशी उभी असलेली भावंडं! आत्या आपलीही मुलं घेऊन तडक घरी परतली. मेंडेझ कुटुंब तेव्हा ज्या शेतावर राहत होतं ते एका जपानी-अमेरिकन कुटुंबाचं, ते बिचारे युद्धात छावणीत डांबलेले, म्हणून शेत भाड्याने दिलेलं. त्याच शेताच्या कमाईतून केस लढली गेली, इतर चार बापांना सोबत घेऊन.

शाळावाले म्हणत होते भाषेचा प्रश्न आहे, स्वच्छतेचा आहे. पण ही पोरं इंग्रजी बोलायची. आणि कायद्यातच घोटाळा असा की कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वेगळ्या शाळा कुणासाठी काढता येतील त्या यादीत चिनी होते, जपानी होते, आदिवासी होते, मेक्सिकन नव्हतेच. १९४६ ला जिंकले, १९४७ ला अपिलातही जिंकले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी ती यादीच रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. हे तेच वॉरन, जे पुढे १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश म्हणून ब्राउन खटल्याचा, म्हणजे काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणारा, निकाल वाचणार होते. सिल्वियाला २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

ब्राउनच्या दोनच आठवडे आधी, ३ मे १९५४ ला, एर्नांडेझ विरुद्ध टेक्सस हा निकालही लागला होता. खून खटल्याचा आरोपी मेक्सिकन, ज्युरीत एकही मेक्सिकन नाही, आणि त्या जॅक्सन काउंटीत पंचवीस वर्षांत कधी नव्हताच. टेक्सस सरकारचा युक्तिवाद ऐका: मेक्सिकन कायद्याने गोरेच आहेत, ज्युरीही गोरी, मग भेदभाव कुठला? त्यावर वकिलांनी दाखवलेल्या पुराव्यात कोर्टाच्या इमारतीतलाच पुरुषांचा संडास होता. एका दारावर पाटीच नाही, म्हणजे गोऱ्यांचा. दुसऱ्यावर काळ्यांसाठी अशी इंग्रजी पाटी आणि त्याखाली स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रेस आकी', पुरुष इकडे. ज्युरीला बसायचं तर गोरे, मुतायला जायचं तर नाही. कोर्ट एकमताने म्हणालं, हा भेदभावच आहे.

वर्षानुवर्षं त्यांच्या संघटना 'आम्ही गोरेच' म्हणूनच लढत होत्या हेही मुलाला सांगा. साठच्या दशकातल्या पोरांनी ते झुगारलं, म्हणाले आम्ही चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, गोरे नाही, तपकिरी. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये हजारो शाळकरी मुलं शाळांमधल्या भेदभावाच्या निषेधात वर्गातून उठून बाहेर पडली. कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांचा संप १९६५ चा, तो सुरू केला होता मात्र फिलिपिनो मजुरांनी, हे बऱ्याच पुस्तकांत गाळलेलं असतं.

प्रश्न: माझ्या मुलीची रूममेट स्वतःला चिकाना म्हणते, तिची आई हिस्पॅनिक म्हणते, कॉलेजच्या फॉर्मवर लॅटिनेक्स लिहिलंय. काय म्हणायचं?

ती म्हणते ते. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घराण्यातला, हा शब्द जनगणनेने सगळ्यांच्या फॉर्मवर आणला १९८० मध्ये, त्याआधी १९३० मध्ये 'मेक्सिकन' हा चक्क वेगळा वंश म्हणून छापला होता आणि पुढच्या खेपेला काढून टाकला. लॅटिनेक्स म्हणजे लॅटिनो-लॅटिना या पुरुषी-बायकी रूपांऐवजी काढलेला शब्द, सर्व्हेत चार टक्के लोकच स्वतःला तसं म्हणतात, तो शब्द फॉर्म बनवणाऱ्यांचाच जास्त आहे.

एक मात्र मुलीला सांगून ठेवा, रूममेटला स्पॅनिश येत नसेल तर हसू नको म्हणावं. त्यांच्यात अशा मुलांना 'नो साबो' म्हणून चिडवतात, म्हणजे 'मला माहीत नाही' हेसुद्धा चुकीच्या स्पॅनिशमध्ये बोलणारी. पण स्पॅनिश गेलं कुठे? टेक्ससमध्ये मार्फा नावाचं गाव आहे, तिथल्या मेक्सिकन मुलांच्या शाळेत १९५४ मध्ये मुलांकडून स्पॅनिश न बोलण्याच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या पेटीत घातल्या आणि झेंड्याच्या खांबापाशी खड्डा खणून स्पॅनिश भाषेची रीतसर अंत्ययात्रा काढली. नंतर स्पॅनिश बोललं की छडी. त्या मुलांनी पुढे आपल्या पोरांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, आणि आता नातवंडांना मेक्सिकोतले नातेवाईक पोचो म्हणतात, म्हणजे बाटगे. धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. ती शाळा आता राष्ट्रीय स्मारक आहे.

प्रश्न: मी भारतीय, पण रंग-रूपावरून सगळे मला मेक्सिकन समजतात. हल्ली भीती वाटते. फक्त दिसण्यावरून थांबवू शकतात का?

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत असताना दुकानात मला रोज कुणीतरी स्पॅनिशमध्ये भाव विचारायचं, ती गंमत होती. सीमेपासून बरंच आत, हायवेवर इमिग्रेशनचं एक चेकपोस्ट होतं, आमच्या पुढची गाडी ऑफिसातल्याच एका सोनेरी केसांच्या मैत्रिणीची, तिला हातानेच 'जा' केलं आणि आमची काच खाली करायला लावून चार मिनिटं प्रश्न. नवरा नंतर तासभर काही बोलला नाही.

कायदा असा आहे. १९७५ च्या ब्रिन्योनी-पोन्से निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सीमेजवळ गस्तीवरच्या पोलिसांना केवळ मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी थांबवता येणार नाही. छान. पण त्याच निकालात असंही आहे की दिसणं हा इतर कारणांबरोबर एक मुद्दा धरता येईल, आणि गेली पन्नास वर्षं सगळं त्या 'बरोबर'मधून आत शिरतंय. जुलै २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेडरल जजने आदेश दिला की वंश, स्पॅनिश किंवा ॲक्सेंटचं इंग्रजी, कार वॉश किंवा मजुरांच्या नाक्यासारखी जागा, आणि कामाचा प्रकार, एवढ्याच भांडवलावर लोकांना थांबवू नका. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारणं न देता. तीन न्यायाधीशांनी कडक विरोध नोंदवला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, सिटिझन असाल तर कागद बाळगायची सक्ती नाही. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल आणि वय अठरा किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र कायद्यानेच कागद जवळ लागतात, बरेच भारतीय ते घरी लॉकरमध्ये ठेवून फिरतात, तसं करू नका. गप्प राहायचा हक्क सगळ्यांना आहे, खोटं बोलायचा कुणालाच नाही. कुणी दार वाजवलं तर वॉरंट दाराखालून सरकवायला सांगा आणि त्यावर सही जजची आहे की ऑफिसातल्या साहेबाची ते आधी बघा.

प्रश्न: मेक्सिको स्वतः काय दिवे लावतो?

फारसे नाही. २७ मार्च २०२३ ला सिउदाद वारेझमध्ये स्थलांतरितांच्या सरकारी कोठडीला आग लागली, कुलूप उघडलं नाही, ४० माणसं गेली. आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकनांना राज्यघटनेत जागा मिळाली २०१९ मध्ये आणि जनगणनेत पहिल्यांदा धड मोजलं २०२० मध्ये, निघाले २५ लाखांहून जास्त. आणि दक्षिणेकडच्या वाहाका राज्यातले मिश्तेक, सापोतेक या आदिवासी समाजांचे मजूर कॅलिफोर्नियात येतात तेव्हा त्यांना खिजवणारे बरेचदा इतर मेक्सिकनच असतात. कोर्टात त्यांना स्पॅनिश दुभाषी देतात, आणि ती त्यांची भाषाच नसते.

प्रश्न: आमच्याकडे सहा वर्षं कामाला येणाऱ्या मेक्सिकन बाई आहेत, कागद नाहीत, पगार रोखीने देतो. त्यांच्या नवऱ्याला मागच्या महिन्यात कामावरून उचललं. मुलं दोन, नऊ आणि सहा वर्षांची, दोन्ही इथेच जन्मलेली, धाकट्याला दमा आहे. परवा त्यांनी एक कागद आणला, मला पकडलं तर मुलांना तुम्ही सांभाळाल असं लिहून द्या म्हणाल्या. आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. हे म्हणतात नको त्या भानगडीत पडू नकोस. काय करू?

तुमच्या ह्यांची भीती खोटी नाही म्हणून आधी तेच. मुलं अमेरिकेची नागरिक आहेत, ती सांभाळायची तयारी दाखवणं हा काही गुन्हा नाही. त्या बाईंचे कागद नाहीत हे माहीत असून तुम्ही त्यांना रोख पगार देता, भानगड असलीच तर ती तिथे आहे, आणि ती सहा वर्षं चालू आहे. त्यामुळे सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या खऱ्या वकिलाकडे एक तास घालवा, दोघींनी मिळून.

खऱ्या म्हणतेय ते मुद्दाम. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा कायदेपंडित, सरकारमान्य. अमेरिकेत नोटरी म्हणजे शिक्का मारणारा माणूस. दुकानावर 'नोतारियो' लिहून पैसे लुबाडणारे बरेच आहेत, त्यांच्याकडून कागद करून घेतला असेल तर तो फाडा. प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा, शाळा आणि डॉक्टर कुठला कागद मानतात ते राज्यावर आहे.

आई-बाप मेक्सिकोत जन्मलेले असतील तर मुलं मेक्सिकोचीही नागरिक ठरतात, कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद करायला सांगा, अमेरिकेत त्यांची पन्नासहून जास्त कॉन्सुलेट आहेत. उद्या सगळ्यांना जावंच लागलं तर तिकडे शाळेत नाव घालताना खेटे कमी पडतील. अमेरिकन पासपोर्ट दोन्ही मुलांचे आत्ताच काढून ठेवायला सांगा, त्याला वडिलांचीही संमती लागते आणि ते आत असताना तो कागद मिळवायला वेळ जातो, म्हणून थांबू नका. वडिलांना कुठल्या सेंटरमध्ये ठेवलंय आणि त्यांचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा ओळख क्रमांक, काय, ते वहीत लिहा, फोनमध्ये नको, फोन जप्त होतात.

शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर तुमचं नाव घालायला सांगा, नाहीतर त्या दिवशी तीन वाजता तुम्ही गेटवर उभ्या राहाल आणि शाळा पोरं देणार नाही. तुम्ही लिहिलंय की धाकट्याला दमा आहे. त्याचा पंप कुठल्या दप्तराच्या कुठल्या कप्प्यात असतो ते उद्या त्या आल्या की विचारून घ्या.